जास्तीची आजी

माझी आई मी कुणालाही देऊन टाकलेली नाही. हे आधीच स्पष्ट करतो, कारण आमच्या इमारतीत सध्या भलतंच काहीतरी पसरलं आहे. परवा जिन्यात एक बाई मला पाहताच आपल्या म्हाताऱ्या सासऱ्यांचा दंड घट्ट धरून भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या. मी काय त्यांना उचलून नेणार होतो? आवक-जावक विभागात बावीस वर्षं काढलेला हेडक्लार्क आहे मी. ऑफिसातून एक टाचणी कधी नोंद केल्याशिवाय बाहेर जाऊ दिली नाही, आणि लोक म्हणतात याने आई परस्पर जावक केली. हे ऐकून मला जो धक्का बसला त्यातून मी अजून सावरलेलो नाही.

झालं ते सगळं देवाच्या कामातून झालं. एका रविवारी चर्चमधली उपासना संपल्यावर पाळकसाहेब दाराशी सगळ्यांशी हात मिळवत उभे होते. आमची थोरली सात वर्षांची. पाळकसाहेबांनी तिच्या गालाला हात लावून विचारलं, "काय बाळ, प्रभूने आपल्याला काय शिकवलंय, सांग बघू एक गोष्ट."

"मोबाइल बंद करून आत यायचं," थोरली म्हणाली.

मागे निदान तीस माणसं होती. कुणीतरी फिस्सकन हसलं. पाळकसाहेब भला माणूस. ते म्हणाले, "तेही बरोबरच आहे," आणि मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "घरीही थोडं घेत चला." एवढंच. पण तेवढ्याने माझे कान लाल झाले ते घरी पोहोचेपर्यंत तसेच होते. मंडळीच्या कमिटीत मी दोनदा निवडून आलेला माणूस, आणि माझ्या पोटची पोर प्रभूच्या तोंडी मोबाइल घालते!

त्याच दुपारी मी कामाला लागलो. इंटरनेटवर शोधाशोध केली. लहान मुलांना घरच्या घरी श्रद्धा शिकवायचे सोपे उपक्रम म्हणून ढीगभर सापडले. सोपे म्हणजे, ज्याने लिहिले त्याला मुलं नसावीत इतके सोपे. मी त्यांतले बारा निवडले, त्यांची फाइल केली, विषयवार खुणेच्या चिठ्ठ्या लावल्या आणि प्रत्येक धड्याच्या दोन प्रती काढल्या. भिंतीवर तक्ता लावला. ज्याने धड्याप्रमाणे वागून दाखवलं त्याच्या नावापुढे सोनेरी चांदणी. बायको तक्त्याकडे बघून म्हणाली, "अहो, मुलं आहेत ती, तुमच्या खात्यातले शिपाई नाहीत." मी दुर्लक्ष केलं.

माझी आई चार वर्षांपासून आमच्याकडेच असते. ती शाळेत शिक्षिका होती, आणि वर तीस वर्षं दर रविवारी चर्चमध्ये मुलांचा वर्ग घ्यायची. मान्य. पण ते सगळं जुन्या पद्धतीचं, नुसतं तोंडाने. ना तक्ता, ना चांदण्या, ना डिंक. पहिल्या धड्याला आम्ही कापसाचं मेंढरू करायला बसलो तेव्हा ती खुर्ची ओढून जवळ आली आणि म्हणाली, "अरे, मेंढराला पाय चार असतात. तू तीनच कापलेस." मी म्हटलं, "आई, तू बस गं निवांत. ही नवीन पद्धत आहे, तुला नाही कळायची." ती बसली.

मेंढरू काही नीट झालं नाही. घरात कापूस नव्हता. होता तो सासूबाईंच्या गुडघ्याला बांधायच्या पट्टीतला, आणि धाकट्याने तोच उसवला. सासूबाई गुडघ्याच्या उपचारासाठी दोन महिने आमच्याकडे आल्या होत्या. घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं, असं मी म्हणणार नाही, कारण ही गोष्ट बायकोही वाचेल. तर पट्टी गेली, डिंक धाकट्याच्या भुवयांना लागला, आणि तो काढताना डावी भुवई अर्धी गेली. चार वर्षांच्या पोराला अर्धी भुवई फार विचित्र दिसते. दुसऱ्या धड्याबद्दल मी काही सांगणार नाही. त्यात मेणबत्ती होती आणि पडदा होता.

तिसरा धडा मात्र मला मनापासून आवडला होता, कारण त्यात काही चिकटवायचं वा पेटवायचं नव्हतं. ज्याच्याकडे दोन अंगरखे आहेत त्याने एक, ज्याच्याकडे नाही त्याला द्यावा. किती साधी शिकवण! उपक्रमही साधाच. मुलांनी घरात हिंडायचं, आपल्याकडे कुठल्या वस्तू दोन आहेत ते शोधायचं, आणि त्यांतली एक ज्याच्याकडे नाही त्याला नेऊन द्यायची. एका वस्तूला एक चांदणी.

धाकटा लगेच माझा बनियन घेऊन आला. त्याला भोकं होती. मी म्हणालो, "असं नाही बाळा. फाटकं ते दुसऱ्याला आणि चांगलं ते आपल्याला, याला देणं म्हणत नाहीत. दोन्हींतलं जे चांगलं असेल ना, ते द्यायचं."

थोरलीने विचारलं, "आणि मग आपल्यालाच लागलं तर परत मागायचं?"

"छे! दिलेलं परत मागायचं नाही. कधीच नाही. मागितलं तर चांदणी रद्द."

हे शब्द माझेच. माझ्याच तोंडून, माझ्याच दिवाणखान्यात, उजव्या हाताचं बोट वर करून मी ते उच्चारले. आई खुर्चीतून ऐकत होती. ती म्हणाली, "कसली गोष्ट द्यायची नि कसली नाही, तेही सांग हो त्यांना. मुलं फार सरळ चालतात." मी म्हटलं, "आई, धडा चालू आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला निघताना माझ्या लक्षात आलं की माझे बूट एकेकच उरले आहेत. काळ्यातला उजवा, तपकिरीतला उजवा, आणि पावसाळी जोडातलाही उजवाच. डावे सगळे धाकट्याने इमारतीच्या वॉचमनला नेऊन दिले होते. माणूस प्रामाणिक. त्याने तिन्ही डावे बूट ओळीने टेबलावर मांडून ठेवले होते. मी परत मागायला हात पुढे केला तेवढ्यात मागून धाकट्याचा आवाज आला, "पप्पा, चांदणी रद्द!" आणि तो असा काही रडायला लागला की तीन मजल्यांवरची दारं उघडली. मी चपला घालून ऑफिसला गेलो.

साहेबांनी आधी चपला पाहिल्या. मग फाइल मागितली. एका महत्त्वाच्या पत्राच्या दोन प्रती मी घरी तपासायला नेल्या होत्या. एक जावक करायची, एक आपल्याकडे ठेवायची. फाइलमध्ये एकच होती. दुसरी थोरलीने समोरच्या घरातल्या पिटुकलीला चित्र काढायला दिली होती, कारण पिटुकलीकडे कागद नव्हता. दोनपैकी चांगली प्रत निवडून, अर्थात. सहीची. बावीस वर्षांत साहेबांनी मला प्रथमच "तुम्हाला बरं नाही का?" असं विचारलं. शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं.

संध्याकाळी मी ताडताड जिने चढलो. आज तक्ता फाडायचाच, असं ठरवूनच दार उघडलं. आत सासूबाई पाय वर घेऊन बसल्या होत्या. बायको भाजी निवडत होती. आईची खुर्ची रिकामी होती. खुंटीवरची तिची पिशवीही नव्हती.

"आजी कुठे आहे?" मी विचारलं.

"दिली," थोरली म्हणाली.

"काय दिलं?"

"आजी. पिटुकलीला. तिच्याकडे एकपण नव्हती, आणि आपल्याकडे दोन होत्या." आणि तक्त्याकडे बोट दाखवून म्हणाली, "मी चांदणी लावून घेतलीये. मोठी वस्तू होती म्हणून दोन लावल्या."

हातातला डबा खाली पडला तो उचलायचंही मला सुचलं नाही. बायकोकडे पाहिलं, तर तिच्या हातातली सुरी हवेतच थांबलेली. तिला वाटलं होतं आई खाली चालायला गेली आहे.

मी काही बोलायच्या आत सासूबाई बोलल्या. त्या अतिशय शांतपणे म्हणाल्या, "म्हणजे मी फाटकी."

"अहो आई, तसं नाही..."

"तसंच आहे. चांगलं असेल ते द्यायचं, फाटकं आपल्याकडे ठेवायचं. मी ऐकलाय तुमचा धडा. दोन आज्यांतून पोरीने चांगली उचलली आणि दिली. राहिली कोण?" आणि त्यांनी डोळ्यांना पदर लावला. बायकोने माझ्याकडे असं पाहिलं की मी लग्नानंतर पहिल्यांदाच स्वतःहून भाजी निवडायला बसलो.

थोरलीने नानीची समजूत घालायचा प्रयत्न केला. ती म्हणाली, "नानी, तू फाटकी नाहीस. तुझा फक्त गुडघा फाटलाय." त्याने काही प्रकरण सुधारलं नाही.

समोर एक्स-रेवाले राहतात. इस्पितळात एक्स-रे काढतात, पाळ्या बदलत्या. बायको तीन वर्षांपूर्वी गेली. मागे ही पाच वर्षांची पिटुकली. आमचं दार आणि त्यांचं दार यांच्यात आठ फुटांची मोकळी जागा. मी दार वाजवलं तर एक्स-रेवाल्यांनीच उघडलं. हाताला पीठ लागलेलं, चेहरा पडलेला.

"साहेब, तुमची मुलगी आजींचा हात धरून आली आणि म्हणाली, ही घ्या, आता तुमची. मला वाटलं खेळ आहे. मी चहा केला. चहा झाल्यावर आजींनी विचारलं, माझी पिशवी कुठे ठेवू? मी काय बोलू हो? मोठ्या माणसाला जा कसं म्हणायचं?"

आत आई जमिनीवर चटईवर बसली होती. पुढ्यात मटारच्या शेंगा. पिटुकली तिला चिकटून बसली होती, आणि आई शेंगांतले दाणे मांडून हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगत होती. नव्याण्णव दाणे एकीकडे, आणि एक दाणा पातेल्याखाली हरवलेला. पिटुकली पालथी पडून तो शोधत होती.

"आई, चल," मी म्हणालो.

"राहते रे चार दिवस. ह्या बिचाऱ्याची पाळी सकाळची आहे, पोरीला बघायला कुणी नाही. तुमच्याकडे काय, विहीणबाई आहेत."

मी परत आलो. आठ फूट चालायला मला किती वेळ लागला कोण जाणे. घरी बायकोने विचारलं, "काय म्हणाल्या?" मी म्हणालो, "मटार सोलतायत."

चार दिवसांचे अकरा झाले. मधल्या काळात सोसायटीचे सेक्रेटरी जागे झाले. त्यांच्याकडे रहिवाशांचं रजिस्टर असतं. कोण कुठल्या घरात, किती माणसं. ते एका सकाळी रजिस्टर बगलेत मारून आले आणि म्हणाले, "तुमच्याकडचा एक इसम समोर गेल्याचं कळतं. रीतसर फॉर्म नाही, ना तुमचा ना त्यांचा. पाण्याचं वेळापत्रक माणसांवर असतं, माहीत आहे ना?"

"अहो, इसम काय, आई आहे माझी!"

"ते तुमच्यासाठी. रजिस्टरात इसम." मग आवाज खाली आणून म्हणाले, "मनात राग धरू नका, पण काही भांडणबिंडण? नाही, म्हणजे माझ्या मेहुण्याने पण आईला असंच..." मी त्यांना मेहुण्याची गोष्ट पुरी करू दिली नाही. तर त्यांनी नोटीस बोर्डावर सूचना लावली: 'रहिवाशांनी आपले ज्येष्ठ नागरिक परस्पर हलवू नयेत.' नाव घातलं नव्हतं. पण इमारतीत दुसरं कोण हलवणार?

सल्ले तर काय, फुकट मिळत होते. खालच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या बाई म्हणाल्या, आईला आवडतं ते करून घाला, आपोआप येतील. वॉचमन म्हणाला, साहेब, तुम्हीच तिकडे राहायला जा. आणि पाळकसाहेबांनी रविवारी भर उपासनेत जाहीर केलं की आपल्या मंडळीतल्या एका लहान मुलीने एका घराला आजी दिली, देवाची स्तुती असो. तीस माणसं माझ्याकडे वळून बघायला लागली. माझी मान खाली. दोन ओळी पुढे आई एक्स-रेवाल्यांच्या शेजारी बसली होती. पिटुकली तिच्या मांडीवर, आणि कहर म्हणजे माझी दोन्ही मुलंही तिकडेच. ती दोघं रोज संध्याकाळी समोर जात होती, हे मला तेव्हा कळलं. माझ्या घरात बारा धड्यांची फाइल, आणि वर्ग भरत होता समोर, मटारवर!

मग तो शनिवार आला. सकाळी दहाला बेल वाजली. दारात एक सडपातळ गृहस्थ, गळ्यात ओळखपत्र, खांद्याला चामडी बॅग. पेन्शन ऑफिसातून हयातीच्या दाखल्यासाठी आले होते. सत्तरीच्या पुढच्या माणसांकडे ते घरी येतात, माणूस जिवंत आहे हे डोळ्यांनी बघतात आणि सही घेतात. वर्षातून एकदा.

"पेन्शनर हजर आहेत ना?"

"आहे ना, या, बसा. बोलावतो."

"बोलावता म्हणजे? कुठून?"

"समोरून."

"समोर का?"

मी काहीतरी बरं कारण शोधत होतो तेवढ्यात थोरली पुढे झाली. "आम्ही ती देऊन टाकली."

गृहस्थांचं पेन थांबलं. त्यांनी चष्म्यावरून आधी तिच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. मी त त प प करायला लागलो. "तसं नाही हो, धडा होता, म्हणजे दोन अंगरखे..." आतून सासूबाई लंगडत आल्या आणि म्हणाल्या, "मी ती नव्हे हो. मी राहिलेली."

गृहस्थांनी फॉर्मवर काहीतरी लिहिलं. मी वाकून वाचलं. 'नोंदलेल्या पत्त्यावर आढळून आल्या नाहीत.'

"अहो, थांबा! ही बघा, दोन्ही दारं उघडी आहेत. इथूनच दिसते ती. ती काय, चटईवर!"

"दिसणं वेगळं आणि हजर असणं वेगळं. उंबऱ्याच्या आत हव्यात." ते अगदी शांतपणे म्हणाले. हे वाक्य मी स्वतः गेली बावीस वर्षं लोकांना ऐकवत आलो आहे. खिडकीच्या पलीकडून ते इतकं वाईट ऐकू येतं, याची मला कल्पना नव्हती.

मी धावत समोर गेलो. आईच्या मांडीवर पिटुकली झोपली होती, गाल लालभडक. पहाटेपासून ताप होता आणि एक्स-रेवाले पाळीवर गेले होते.

"आई, ऊठ, पेन्शनवाले आलेत. आठ फूट यायचंय फक्त."

"हळू बोल. आत्ता कुठे डोळा लागलाय तिचा. मग त्यांनाच येऊ दे आठ फूट."

"नियमात बसत नाही," गृहस्थ मधल्या जागेत येऊन उभे राहिले होते. त्यांनी बुटाचं टोकसुद्धा उंबऱ्याला लागू दिलं नाही.

आईने त्यांच्याकडे पाहिलं. "पत्ता बदलायचा अर्ज असतो ना तुमच्याकडे?"

"असतो की." बॅगेतून तो लगेच निघाला. "तात्पुरता बदल की कायमचा?"

आई माझ्याकडे बघत होती.

"कायमचा," ती म्हणाली.

मी दाराची चौकट धरली. मागे बायको "अगंबाई" म्हणाल्याचं ऐकू आलं.

"बदलाचं कारण?"

"लिहा, इथे मला विचारतात."

गृहस्थ अर्ज तिरका करून बघायला लागले. "एवढं मावणार नाही. 'कौटुंबिक' लिहू?"

"काही लिहू नका!" मी ओरडलो. पिटुकली चुळबुळली तसा आवाज खाली आणला, पण राग कुठे खाली येतो? "आई, काय चालवलंयस हे? चारचौघांत अब्रू घालवलीस माझी! घरात तुला कमी काय आहे? वेगळी खोली आहे, औषधं वेळेवर आहेत, खुर्ची आहे..."

"कमी काही नाही रे," आई म्हणाली. "जास्तच आहे. मीच जास्तीची आहे. चार वर्षांत तू मला 'गोळी घेतलीस का' याच्या पलीकडे काही विचारलंयस? आठव बरं. मी आयुष्यभर मुलं शिकवली. तुला मी शिकवलं, प्रार्थनेला हात जोडायला मी शिकवलं. आणि तू आपल्या मुलांना शिकवायला इंटरनेटवर गेलास. मी बाजूच्या खुर्चीत होते. मेंढराला पाय चार असतात एवढंच म्हणाले, तर 'आई, तू बस.' बसले. किती बसू? पोरीने हात धरून उठवलं तर बरं वाटलं मला. खरं सांगते, फार बरं वाटलं."

मी उगाच थोरलीवर घसरलो. "हे सगळं तुझ्यामुळे! आत्ताच्या आत्ता आजीला परत माग."

थोरली घाबरली नाही. तिने विचार केला. "परत मागायचं नसतं, पप्पा. तुम्हीच सांगितलंत." मग तिने बोटं उघडली. "मम्मीला आई आहे, नानी. पिटुकलीला एक आजी आहे. तुम्हाला..." ती माझ्याकडे बघून एकदम गप्प झाली. तिच्या लक्षात आलं होतं. तिचे डोळे भरून आले. "पप्पा, तुम्हाला एकपण आई नाही. पण त्यांच्याकडे एकच आहे ना. दोन असत्या तर त्यांनी दिली असती तुम्हाला."

आणि मी, मंडळीच्या कमिटीचा दोनदा निवडून आलेला सभासद, पेन्शन ऑफिसच्या माणसादेखत, दोन दारांच्या मध्ये मटकन खाली बसलो. सात वर्षांच्या पोरीचा हिशेब बरोबर होता. मला आई नव्हती. आठ फुटांवर बसली होती आणि नव्हती, आणि ती काही अकरा दिवसांपूर्वी गेलेली नव्हती, कधीचीच गेली होती.

"आई," मी म्हणालो. "मला तू हवी आहेस. पेन्शन जाऊ दे खड्ड्यात. मला नाही शिकवता येत मुलांना. मला काहीच नीट येत नाही. मेंढराला तीन पाय कापले मी."

गृहस्थांनी पेनाचं टोपण लावलं आणि परत काढलं.

आईने नाकावरून चष्मा काढला, पदराने पुसला. "असं जमिनीवर बसू नकोस, थंड असते," ती म्हणाली. मग जरा वेळाने, "माझे गुडघेही काही धड नाहीत. हिला घेऊन उठायचं नाही मला. तू उचल. मानेखाली हात घाल आधी. हां. डोकं खांद्यावर येऊ दे."

मी पिटुकलीला उचललं. अंग तव्यासारखं तापलं होतं, आणि वजन काहीच नव्हतं. झोपेतच तिने माझ्या मानेला मिठी मारली. आई भिंतीला हात लावत उठली आणि गृहस्थांना म्हणाली, "तो अर्ज राहू द्या. पण एक सांगते, ही इथे एकटी पडणार नाही. वडील पाळीवर गेले की ही आपल्याकडे. आणि धडा मी घेणार, डिंकाशिवाय."

"घे," मी म्हणालो. "मी पण बसेन."

आम्ही ते आठ फूट ओलांडले. बायकोने धावत जाऊन पलंगावरची चादर सारखी केली. सासूबाईंनी थंड पाण्याच्या घड्यांसाठी स्वतःचा रुमाल काढला आणि विहीणबाईंना म्हणाल्या, "आलात? बरं झालं बाई, मला एकटीला हे लोक झेपत नाहीत." पेन्शनवाल्यांनी आईकडे वरपासून खालपर्यंत पाहून 'हयात, हजर' लिहिलं आणि सही घेतली. मग पान उलटलं.

"शेवटचा रकाना. पेन्शनरसोबत घरात लहान मुलं किती?"

"दोन," मी म्हणालो.

"तीन लिहा," आई म्हणाली.

गृहस्थांनी पेन वर उचललं आणि माझ्या खांद्यावरच्या मुलीकडे बघितलं. "ही तिसरी? हिचं नातं काय लिहू? तुमची कोण?"

माझी कोण? काहीच नाही. समोरच्यांची. रजिस्टरात दुसऱ्या घराच्या पानावर. सगळे माझ्याकडे बघत होते, थोरली तर श्वास रोखून. पिटुकलीचा गरम श्वास माझ्या मानेला लागत होता.

"माझी कोण ते सोडा," मी म्हणालो. "माझ्या आईची नात आहे. तेवढं लिहा."